मामंजींची तालीम

आमच्या मामंजींइतका कुस्तीतला जाणकार अख्ख्या जव्हार संस्थानात दुसरा झाला नाही, आणि त्यांनी जन्मात एकदाही लंगोट कसला नव्हता. मामंजी म्हणजे माझे सासरे. अंगाने इतके किरकोळ की आषाढात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन कचेरीला निघाले म्हणजे नुसती घोंगडीच रस्त्याने चाललीय असं वाटायचं. पाण्याची भरलेली घागर त्यांनी उचललेली मी कधी पाहिली नाही. सुपारी कठीण निघाली तर अडकित्ता सासूबाईंच्या हातात द्यायचे. असा हा माणूस संध्याकाळी तालमीच्या दाराशी एका दगडावर बसून सहा-सहा फुटी गड्यांच्या चुका काढायचा, आणि नवल म्हणजे ते गडी ऐकून घ्यायचे. डावपेचांच्या चुका ते काढत नसत. डावपेच वस्तादांनी बघावेत, असं त्यांचं म्हणणं. कोणता पैलवान आज घरी भांडून आलाय, कोण हरायच्या धास्तीने आधीच दमलाय, कोणाच्या डोक्यात कुस्तीआधीच मिरवणूक निघालीय, हे ते त्या दगडावरून सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

हे वेड त्यांना कचेरीत लागलं. संस्थानच्या न्यायकचेरीत साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात उभी राहणारी माणसं पाहून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. खरं बोलणारा गरीब माणूस तिथे उभा राहिला की त्याचे पाय लटपटतात, जीभ टाळूला चिकटते, बापाचं नाव विचारलं तर गावाचं सांगतो. आणि घरून खोटं पाठ करून आलेला इसम घडाघडा बोलून, वर पाणी मागून पितो. "येणं वेगळं आणि चारचौघांत येणं वेगळं, सूनबाई," ते मला म्हणायचे. "हात सगळेच तयार करतात. मन कुणी तयार करत नाही." मग त्यांनी स्वतःच मनं तयार करायला घेतली. आधी घरातल्या माणसांची, कारण ती पळून जाऊ शकत नव्हती.

मी किनाऱ्यावरची. लग्न होऊन या डोंगरात आले ती पहिली होळी. पुरणपोळ्या माझ्याकडे सोपवल्या होत्या आणि घाबरून माझी पहिलीच पोळी फाटली. मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, "डोळे मीट. अख्खी पोळी मनात बघ. काठापर्यंत पुरण गेलंय, टम्म फुगलीय, खरपूस डाग पडलेत. दिसली?" नवीन सून काय करणार? मी डोळे मिटले. मला पोळी दिसली, फार सुंदर दिसली, आणि तोवर तव्यावरची कोळसा झाली. सासूबाई धावत आल्या. मामंजी मात्र शांतपणे म्हणाले, "ती जळू दे. मनातली शाबूत आहे ना? मग झालं." त्या दिवशी मनातल्या पोळ्यांवर त्यांचं एकट्याचं भागलं, बाकीच्यांना मी पुन्हा लाटल्या. आमच्या बैलाला नाल्यावरच्या साकवाची भीती वाटायची, तर त्याच्याही कानाशी लागून ते रोज काही सांगत असत. बैल पुढे साकवावरून जाऊ लागला हे खरं, पण सासूबाईंचं म्हणणं असं की तो ऐकून ऐकून कंटाळला होता.

आता दसऱ्याचं सांगायला हवं. जव्हारला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दरबारच्या कुस्त्या व्हायच्या. मोखाड्याकडून, खोडाळ्याहून, पार घाटावरून मल्ल यायचे, आणि सगळ्या पाड्यांवरून माणसं चालत यायची. हलगी सकाळपासून वाजायला लागायची. मामंजींच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस, आणि त्याच दिवशी न चुकता त्यांचा गुडघा धरायचा. माझ्या पहिल्या दसऱ्याला उजवा धरला होता, दुसऱ्याला डावा. घरातले सगळे पुरुष मैदानावर, आणि हे माजघरात सुपात वाल घेऊन सोलत बसलेले, कानांत कापसाचे बोळे. "हलगीनं डोकं दुखतं," म्हणाले. तालमीत तीच हलगी पाच हातांवरून ऐकणारा माणूस हा. मी सासूबाईंकडे पाहिलं तर त्यांनी मान हलवली, म्हणजे विचारू नकोस. मला तेव्हाच कळलं की मामंजींनी आयुष्यात दसऱ्याची एकही कुस्ती पाहिलेली नाही. दुसऱ्याला धीर देणाऱ्या त्या माणसाला मैदानात काय होईल याची इतकी भीती वाटायची की ते तिकडे फिरकतच नसत. संध्याकाळी निकाल कळला की गुडघा आपोआप बरा व्हायचा, आणि कोण का हरला याचं ते तासभर विवेचन करायचे.

अशा या माणसाच्या हाती लहानू पडला. लहानू साखरशेतचा. बारशाला आईबापांचा अंदाज चुकला होता, कारण आमच्या दारातून आत यायचं तर त्याला वाकावं लागे. डोक्यावर भाताचं पोतं आणि पाठीवर दुसरं घेऊन तो चढण चढताना तालमीच्या वस्तादांनी पाहिला आणि तिथेच त्याला मागून घेतला. बापाने एक अट घातली. तीन दसरे पोर तुमचं. तेवढ्यात मैदानात एकाला पाडलं तर राहू दे तालमीत, नाहीतर परत नागलीच्या शेतावर. तालमीत लहानूपुढे कुणी टिकत नसे. दोघेजण एकदम अंगावर घेऊन तो हसत उभा राहायचा. पण पहिल्या दसऱ्याला तो मैदानात उतरला, हलगी कडाडली, चहूबाजूंनी माणसंच माणसं, आणि गडी जागच्या जागी खिळला. हात वर, पाय रोवलेले, डोळे उघडे, आणि आत कुणी नाही. समोरच्याने त्याला जवळजवळ उचलून नेऊन निजवला. वस्ताद चिडून मामंजींना म्हणाले, "भाऊसाहेब, लई मनाच्या गोष्टी करता न्हवं? घ्या ह्याला. ह्याचं आंग माज्याकडं, डोस्कं तुमच्याकडं." वस्ताद थट्टेने बोलले होते. मामंजींनी दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात केली.

लहानू रोज सकाळी आमच्या अंगणात यायचा. त्या काळी तो ओटीवर चढत नसे, पायरीवर बसायचा. पाड्यांवरच्या बोलीत वडीलधाऱ्यालाही 'तू'च म्हणतात, त्यामुळे ज्या मामंजींना शिरस्तेदारसुद्धा 'अहो' म्हणायचे त्यांना हा पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाबा, तू सांगशील ता करीन." मामंजी खूष झाले. पहिला धडा निंदेचा होता. मैदानात लोक काहीबाही ओरडतात, त्याची सवय हवी, म्हणून लहानू जोर काढत असताना मामंजी त्याला शिव्या देणार असं ठरलं. पण जन्मभर कचेरीची भाषा लिहिलेला माणूस, शिव्या येणार कुठून? कागदावर लिहून आणलेलं ते वाचायचे, "तू अत्यंत बेजबाबदार इसम आहेस. तुझं वर्तन सर्वथा अशोभनीय आहे." लहानूला वाटायचं आपलं कौतुक चाललंय. तो लाजून अधिक जोर काढायचा. शेवटी सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी स्वयंपाकघरातूनच दोन अस्सल शब्द टाकले आणि लहानू पहिल्यांदा दचकला. मामंजी म्हणाले, "उद्यापासून हा तास तुझा."

मग आवाज. लोकांच्या गलक्यात मन ठिकाणावर राहावं म्हणून लहानू भाकरी खात असताना शेजारी हलगीवाला बसवला. महिनाभर रोज सकाळी आमच्या अंगणात दसरा. शेजारणीने बोलणं टाकलं, गाय दूध चोरायला लागली. लहानूला मात्र सवय अशी लागली की हलगी नसली तर त्याच्या घशाखाली घास उतरेना, आणि साखरशेतला घरी गेला की भाऊ त्याच्यापुढे पत्र्याचा डबा बडवायचा. मग नजरा. हजार माणसं बघताहेत याची भीती मोडायला मामंजींनी सासूबाईंच्या उतरंडीतली सगळी मडकी काढून त्यांवर चुन्याने डोळे रंगवले आणि अंगणात रांगेने मांडली. लहानूने त्यांच्यासमोर उभं राहून सलामी द्यायची. पहाटे अंगण झाडायला मी बाहेर आले आणि इतके डोळे एकदम माझ्याकडे बघताना पाहून केरसुणी टाकून आत पळाले. लहानूवर मडक्यांचा काय परिणाम झाला देव जाणे. माझी अंधाराची भीती मात्र तेव्हापासून सुरू झाली.

तरी सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे आता मला कळतं. मामंजी त्याला श्वास शिकवायचे. त्याच्या त्या भल्यामोठ्या पोटावर आपला काडीसारखा हात ठेवून म्हणायचे, "छातीतून नको. इथून घे. हळू. सोड." मग घोंगडीवर निजवून, डोळे मिटायला लावून, अख्खी कुस्ती मनातल्या मनात खेळायला सांगायचे. सलामी, पकड, डाव, सगळं. लहानू थोड्याच वेळात घोरायला लागायचा आणि मामंजी बोट ओठावर ठेवून आम्हाला गप्प करायचे, "शूः! मन मोकळं होतंय." आणि शनिवारी हरण्याचा सराव. आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाकडून मुद्दाम पडायचं, हसायचं, माती झटकायची, उठायचं. हरणं म्हणजे मरण नाही, हे अंगाला कळलं पाहिजे, असं ते म्हणत. एका शनिवारी दुबळं कुणी सापडेना तेव्हा ते स्वतःच कमरेला उपरणं बांधून अंगणात उतरले. लहानूने त्यांचा हात कोपरापाशी जरा धरला आणि स्वतः धाडकन पाठीवर पडला. मामंजी त्याच्या छातीवर एक पाय ठेवून उभे राहिले. सराव आहे हे त्यांना पूर्ण ठाऊक होतं. तरी पुढचे दोन दिवस ते दारातून जरा तिरके होऊन आत यायचे, खांदे अडकतील अशा बेताने.

दुसरा दसरा आला. सामना खोडाळ्याच्या मल्लाशी ठरला. तो लहानूपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, हसतमुख, नावाजलेला गडी. मामंजींचा एक सिद्धांत असा होता की समोरच्याविषयी मनात अढी असली की अंग आखडतं, तेव्हा कुस्तीआधी अढी काढून टाकावी. दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन करून आल्यावर ते लहानूला घेऊन धर्मशाळेत गेले, जिथे खोडाळ्याचा गडी उतरला होता. लहानूने त्याला आपट्याचं सोनं दिलं, त्यानेही दिलं, दोघं कडकडून भेटले. वयाने मोठा म्हणून लहानू पायाही पडला आणि त्याने तोंडभरून आशीर्वाद दिला. मामंजी घरी आले ते हात चोळतच. "अढी गेली," म्हणाले. "आता कुस्ती आपली."

दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या साक्षीने वाल सोलणं चाललं होतं. मैदानावर काय झालं ते माझ्या यजमानांनी येऊन सांगितलं. लहानू या वेळी खिळला नाही. हलगी वाजली, लोक ओरडले, हा आपला शांत. त्याने बघता बघता खोडाळ्याच्या गड्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला उचलून अधांतरी धरला. सगळं मैदान उभं राहिलं. आता आपटणार, एवढ्यात लहानू थांबला. क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग भरलेला हंडा ठेवावा तसं त्या गड्याला हलकेच, सरळ, त्याच्या पायांवर खाली ठेवलं. खोडाळ्याचा गडी बावचळला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण कुस्ती खेळायला आलोय, आणि त्याने लहानूला चीत केलं.

वस्तादांनी कपाळावर हात मारला. "आरं, उचललेला मानूस कुनी खाली ठिवतो व्हय?" संध्याकाळी लहानू आमच्या पायरीवर मान खाली घालून बसला होता. मामंजींनी विचारलं तेव्हा म्हणाला, "बाबा, त्याना मना सोना देला. मी पाया पडलो त्याचे. आशीर्वाद घेतला. मंग त्याला मातीत कसा घालू?"

मामंजींचा सगळा जन्म या डोंगरात गेलेला, पाड्यांवरच्या लोकांकडे सोनं हातात दिलं की ते किती मनापासून दिलेलं असतं हे त्यांना कळायला हवं होतं. आपल्याकडे हल्ली तो नुसता रिवाज झालाय, त्यांच्याकडे तो दिलेला शब्द असतो. मामंजींना मनं वाचता येत होती आणि हेच वाचायचं राहून गेलं. रात्री जेवले नाहीत. सासूबाईंना म्हणाले, "त्याचा एक दसरा मी फुकट घालवला." दुसऱ्या दिवशी तालमीत जाऊन त्यांनी सगळ्यांसमोर वस्तादांना सांगितलं की चूक लहानूची नाही, माझी आहे. कचेरीतल्या माणसाने पैलवानांसमोर असं म्हणणं सोपं नव्हतं. वस्ताद म्हणाले, "जाऊ द्या, भाऊसाहेब. गडी घाबरला न्हाई, ह्ये तरी बगा." पण बाजारातली माणसं त्यांना पुढे कित्येक दिवस "काय भाऊसाहेब, यंदा कुणाला ओवाळायचं?" असं विचारायची, आणि ते ऐकून मला फार राग यायचा.

उरला एक दसरा. भाताची लावणी आटोपल्यावर लहानूचा बाप आला, अंगणात उकिडवा बसला आणि म्हणाला, "ह्यो शेवटला. मंग मना त्याचे हात पायजेत." बाप गेल्यावर मी लहानूला पाणी द्यायला गेले तेव्हा आपण होऊन म्हणाला, "बाय, शेतावर जायाचा वाईट नाय. नागली मना आवडते. पर कुना पाडला नाय, मीच मना पाडला, आसा जायाचा वाईट." त्या दिवसापासून मीही देवापुढे बसले की त्याचं नाव घ्यायला लागले.

शेवटचा म्हटल्यावर भीती दुप्पट झाली. दसरा जवळ आला तसा लहानू कमी जेवायला लागला. तालमीत एका नवख्या पोराने त्याला पाडलं. मामंजींनी मडकी आत नेऊन ठेवली, हलगीवाल्याला रजा दिली, निंदेचा कागद फाडून टाकला. आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. दोघंजण सकाळी नुसते बसायचे, एक ओटीवर, एक पायरीवर, आणि समोरच्या डोंगराकडे बघायचे. सामना पुन्हा त्याच खोडाळ्याच्या गड्याशी ठरला होता, आणि या वेळी सोन्याचा घोळ नको म्हणून लहानूने स्वतःच खोडाळ्याला निरोप धाडला होता, की यंदा सोनं कुस्ती झाल्यावर देईन. खोडाळ्याच्या गड्यानेही हसून बरं म्हटलं होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी लहानू आला आणि पायरीशी उभाच राहिला. म्हणाला, "बाबा, उद्या तू ये."

मामंजींचा हात गुडघ्याकडे गेला. "अरे, माझा हा गुडघा..."

"मी पाठीवर नेतो."

"कचेरीचं थोडं काम..."

"उद्या कचेरी बंदच असते," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी या घरात आल्यापासून बंद असते."

मामंजींनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग जे बोलले ते इतक्या हळू की मी दाराआड होते म्हणूनच ऐकू आलं. "लहानू, मला माणूस पडताना बघवत नाही रे. मला भीती वाटते."

लहानूने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "मना पन वाटते," तो म्हणाला. "दोघा जाऊ."

दुसऱ्या दिवशी मामंजींनी रुमाल बांधला, तो तीनदा सुटला. सासूबाईंनी चौथ्यांदा स्वतः बांधून दिला आणि त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ते यजमानांचा हात धरून निघाले. आम्ही दोघी मागे राहिलो. सासूबाई माजघरात बसल्या आणि वालाचं सूप पुढे ओढलं, पण त्यांच्याकडून एकही शेंग सोलली गेली नाही. हलगी चढत गेली. मग एकाएकी थांबली, आणि मैदानावरून असा गलका उठला की परसातल्या कोंबड्या उडाल्या. कोण जिंकलं ते कळायला मार्ग नव्हता. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, बांगडी रुतेपर्यंत.

मग रस्त्यावर माणसं दिसली, आणि माणसांच्या वर मामंजी. लहानूने त्यांना खांद्यावर घेतलं होतं. लहानूच्या अंगभर लाल माती, मामंजींचा रुमाल पुन्हा सुटलेला, आणि दोन्ही हातांनी लहानूचे केस धरलेले. अंगणात उतरवल्यावर त्यांनी आधी लहानूला हाताला धरून ओटीवर आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि काही न बोलता दोन ताटं वाढायला घेतली. मागोमाग त्याचा बाप आला. मुलाकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ दे मंग. नागलीला आमी हाव."

जेवताना मामंजींनी कुस्ती सांगितली. काय सांगितली! खोडाळ्याच्या गड्याने आधी पट काढायला बघितलं, लहानूने पाय मागे घेतला, मग गडी खाली बसला, लहानूने सवारी भरली, तो निसटला, पुन्हा उभे राहिले, आणि मग ढाक लावून असा फिरवला की पाठ लागल्याचा आवाज मामंजी बसले होते तिथपर्यंत आला. माझ्या सासऱ्यांचे हात मी प्रथमच असे हलताना पाहिले. वाटीतली आमटी सांडली.

हात धुवायला लहानू मागच्या दारी आला तेव्हा मी त्याच्या हातावर पाणी घातलं आणि विचारलं, भीती वाटली का? तो हसायला लागला.

"वाटली तं. सलामी केली नि पाय गेलं माझं, पयल्या सालासारका. मंग बाबाला बगितला. तो पुडंच बसलेला. डोळं गच्च मिटलेलं, दोनी कानांत बोटा, नि तोंडाना कायतरी पुटपुटत व्हता. माझ्यापरीस भ्यालेला. मना हसू आला, बाय. हसलो नि आंग सैल पडला. मंग काय केला, कसा केला, मना ठाव नाय. बगतो तं तो गडी खाली."

"म्हणजे त्यांनी कुस्ती पाहिलीच नाही?"

"नाय. बाबाला सांगू नको हां, मी बगितला म्हनून."

मी कशाला सांगते? मी यजमानांनाही सांगितलं नाही.

लहानू पुढे बरीच वर्षं दरबारच्या तालमीत राहिला, मग तिथलाच वस्ताद झाला. मामंजी त्यानंतर कधी मैदानावर गेले नाहीत. त्यांचं म्हणणं, एवढी एक बघितली, आता आणखी काय बघायचं? पण दर दसऱ्याला लहानू सोनं द्यायला आला की ओटीवर ती कुस्ती व्हायची. नातवंडं गोळा व्हायची, शेजारचे यायचे. वर्षागणिक तिच्यात डाव वाढत गेले. एका वर्षी घिस्सा आला, एका वर्षी कलाजंग आला, आणि म्हातारपणी तर ती दोन घटका चालायची. लहानू शेजारी मांडी घालून बसायचा आणि प्रत्येक डावाला मान हलवायचा. "बरोबर, बाबा. आसाच झाला." एकदाही त्याच्या ओठाचा कोपरा हलला नाही. मी चहाचे पेले घेऊन दारात उभी असायचे आणि माझ्याकडे तो बघायचाही टाळायचा.

मामंजी गेले त्यानंतरच्या दसऱ्याला त्याने यायचं कारण नव्हतं. घरात सुतक नव्हतं, पण सणही नव्हता. तरी लहानू आला. त्याचेही केस पिकले होते. देवापाशी सोनं ठेवून तो ओटीवर आपल्या जागी बसला. शेजारची जागा रिकामी. पोरं बाहेर गेली होती, घरात मी एकटीच. मीच म्हटलं, "लहानू, आता तरी सांग. ती कुस्ती खरी कशी झाली होती?"

"मना कुठं ठाव, बाय?" तो म्हणाला. "आता बाबा सांगायचा तशीच दिसते मना." मग म्हणाला, "तूच सांग ना. तू आयकलीस दर साली."

मी पदराने डोळे पुसले आणि सांगायला लागले. पट सांगितला, सवारी सांगितली, घिस्सा सांगितला. मामंजींसारखे हात मला हलवता येत नव्हते. ढाकेपाशी आले तेव्हा लहानू मध्येच म्हणाला, "आदी कलाजंग, बाय. कलाजंग विसरलीस." मी म्हटलं, हो, विसरले. मग मागे जाऊन तोही डाव घातला आणि कुस्ती पुरी केली.